दाब, धर, सोड

रबराची टोपी. करंगळीच्या टोकाएवढी, काळी, आतून तेलकट. तिच्या डाव्या तळहाताला घामाने चिकटलेली. धर, हरवू नको, असं सांगून दिलेली.

नळ गुरगुरला, खोकला, गप्प झाला.

लेकीची, ज्ञानूची निळी बॅग दारात. चेन अर्धी उघडी, एक मोजा बाहेर लोंबतोय.

शेजारच्या काकासाहेबांची खुर्ची लिंबाच्या सावलीमागे सरकत चालली आहे. सकाळी ती पायरीपाशी होती.

दूध तापवायचं पातेलं, गाडीखाली.

घाट. तो इथे नाही, कन्नडच्या पलीकडे आहे. पण सकाळपासून मागच्या सीटवर येऊन बसला आहे.

"दाब."

तिने दाबलं.

"धर."

"धरलं."

चाकाजवळ पाना फिरल्याचा आवाज, मग पायाखालचं काहीतरी सुटतं, पेडल खोल जातं — अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त मोजली जावी तसं — आणि खालून नवऱ्याचा आवाज, "सोडू नको, सोडू नको... हां. आता सोड." ती सोडते. पुन्हा दाब. पुन्हा धर. अक्षदा ड्रायव्हरच्या सीटवर बसली आहे, मुकुंदवाडीतल्या स्वतःच्या घरासमोर, एप्रिल संपत आला आहे, गाडीची एक बाजू जॅकवर उचललेली, चाक काढून भिंतीला टेकवलेलं, आणि गाडी कुठेही जात नाही. ह्या सीटवर ती आज पहिल्यांदा बसते आहे. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, किल्लीला लावायचा नाही. फक्त उजवा पाय द्यायचा. सकाळी अंगद म्हणाला होता, "ये गं, पाच मिनिटं पाय दे." पाय दे. जसं म्हणावं, जरा ती पक्कड दे.

पाच मिनिटं. लग्न होऊन आल्यापासून ती ह्या माणसाच्या पाच मिनिटांत राहते आहे. पाच मिनिटांत येतो, पाच मिनिटं थांब, पाच मिनिटांचं तर काम. सकाळच्या भाकरी थापून झाल्या होत्या तेव्हा बसली; आता सावली लिंबाच्या बुंध्यात शिरली, वरण तसंच राहिलंय, पाठीला रेक्झिन चिकटलंय, आणि काकासाहेब, ज्यांना आज रविवार आहे, आणि ज्यांना रोजच रविवार असतो, पेपरवरून मान वर करून म्हणतात,

"काय अंगदराव, सूनबाईला ड्रायव्हर केलं व्हय?"

"कशाची ड्रायव्हर, काका. पायडल मारायला बसवलीय."

"तेच म्हणलं. स्टेरिंग धरू देऊ नका. आमच्या घरात मालकिणीनं, आशाबाईनं, एकदा टीव्हीचा रिमोट धरला, तो आजून माघारी नाय."

खालून अंगद हसला. ती पण हसली. आणि हसली म्हणून तिला स्वतःचाच इतका संताप आला की पुढचं "दाब" येण्याआधीच तिने दाबलं.

"आगं, मी म्हणलो का दाब? म्हणल्यावर दाब!"

म्हणल्यावर दाब. म्हणल्यावर धर. म्हणल्यावर सोड.

काम असं आहे: गाडीच्या ब्रेकचा पंप, तो एबीएसचा, जोरात ब्रेक मारला की फिरून चाकं घसरू न देणारा, बिघडला होता, समोर पिवळा दिवा पेटून राहायचा. काल अंगदने तो बदलला. बदलताना नळ्यांमध्ये हवा शिरते, हवा असली की ब्रेक भुसभुशीत लागतो, म्हणून एकाने पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकाजवळचं निपल, म्हणजे तेलाचं बारीक तोंड, उघडून हवा आणि तेल बाहेर सोडायचं, मग निपल बंद करायचं, आणि त्यानंतरच पहिल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा उलटी आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून दाबणाऱ्याने मोठ्याने सांगायचं असतं — धरलं. हे काम एकट्याने होत नाही. होत असतं तर त्याने मला हाक मारली नसती.

खरं तर पंप बदलायचा होता मोतीरामने. रेल्वे फाटकाजवळ त्याचं गॅरेज, गल्लीतल्या सगळ्या गाड्या त्याच्याकडे जातात. गेल्या आठवड्यात अंगद गाडी घेऊन गेला, ती सोबत होती, भाजी घ्यायला उतरायची होती म्हणून. मोतीरामने बोनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, पंप बदलू, पण बदलल्यावर नुसती पायाने हवा काढून भागत नाही, स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो, त्याच्या पोटात हवा राहते. अंगद म्हणाला, "मला नको शिकवू, मोत्या. मी ब्रेकच्या कंपनीत आहे." तिथे चार गिऱ्हाइकं बसली होती, चहा चालला होता. मोतीरामने ग्लास खाली ठेवला आणि अगदी अदबीने म्हणाला, "अंगदराव, तुमी टोप्या घालता तिथं. टोप्या घाला. गाडी आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

सगळे हसले. ज्यांना कळलं ते आणि ज्यांना नाही कळलं तेही.

कारण ते खरं आहे. वाळूजच्या कंपनीत ब्रेक बनतात, रोज पहाटे कंपनीची बस नाक्यावरून अंगदला घेऊन जाते, आणि लाइनीवर त्याच्यासमोर जो भाग येतो त्याच्या निपलवर तो रबराची टोपी बसवतो, अंगठ्याने दाबून बघतो, पुढे सोडतो. ज्ञानूच्या जन्माआधीपासून. हवा काढण्याचं काम तिथे नसतंच. ते गाडी जिथे तयार होते तिथे मशीन करतं, हे त्यानेच तिला एकदा सांगितलं होतं, चांगल्या मूडमध्ये, ज्या दिवसांत तो तिला काही सांगायचा. टोपी घालण्यात कमीपणा नाही. तिला कधी वाटला नाही. पण त्या दिवशी गॅरेजवरून परत येताना त्याने भाजीसाठी गाडी थांबवली नाही, आणि शनिवारी शहागंजातून की कुठल्या जुन्या बाजारातून फडक्यात गुंडाळलेला पंप घरी आला. चार माणसं हसली म्हणून. माझी पोर त्या चार माणसांच्या हसण्यावर बसून घाट उतरणार आहे.

"दाब."

ती दारातल्या निळ्या बॅगेकडे बघत होती.

"आगं, दाब की!"

"दाबलं. धरलं."

उद्या. पाणीकपातीमुळे कंपनी तीन दिवस बंद, शाळा सुटलेली, आणि इथे नळ कधी येईल ते महापालिकेलाही ठाऊक नसावं. म्हणून अंगदने ठरवलं, ज्ञानूला चाळीसगावला आत्याकडे सोडायचं, जूनपर्यंत. ठरवलं आणि मग सांगितलं. घाटातून. अक्षदाने यायचं नाही, कारण नळाला कुणीतरी थांबायला हवं. टँकर आला तर ड्रम गल्लीच्या तोंडाशी न्यायला कुणीतरी हवं. हे कुणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न ह्या घरात कधी पडत नाही. तर उद्या ती इथे, नळाच्या तोंडाला कान लावून, आणि ते दोघं तिथे.

ज्ञानू मघाशी खिडकीशी आली होती. गाडीच्या काचेवर नाक लावून.

"आई, आत्याकडं रोज नळ येतो?"

"येतो."

"मग मी रोज आंघोळ करीन. तुझी पण."

तुझी पण. हे असं बोलते आणि निघून जाते, आणि माणसाने पेडल धरून बसायचं.

सकाळची गोष्ट ती पुन्हा पुन्हा पायाने आठवते — डोक्याने नाही, पायाने. पहिली फेरी झाली. चारी चाकांची हवा काढली, पेडल दगडासारखं कडक झालं, अंगद म्हणाला, बघितलं? मग चाकं लावून दोघं मागच्या प्लॉटिंगमध्ये गेले. काकासाहेबांचं ते शेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तूर असायची, आता मुरमाचे रस्ते, चुन्याच्या रेघा, कोपऱ्यावर कारंज्याचं चित्र असलेला बोर्ड. प्यायला पाणी नाही आणि बोर्डावर कारंजं. तिथे अंगदने वेग घेतला आणि एकदम ब्रेक मारला. गाडीच्या पोटात घरघर झाली, मुरूम उडाला, गाडी सरळ थांबली. तो खूश. "एबीएस लागला! ऐकलं?" ऐकलं. आणि परत येताना नाक्यावर, समोर शेळी आडवी आली तेव्हा, त्याचा पाय खाली गेला, खाली, आणखी खाली, त्याने पटापट दोनदा तीनदा मारला तेव्हा कुठे गाडी अडली. शेळी वाचली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर जे आलं होतं ते तिने पाहिलं हे त्याने पाहिलं, आणि लगेच म्हणाला, "गरम झालंय. उन्हाचं असं होतं."

उन्हाचं. ह्या गावात ह्या वर्षी सगळं उन्हाचं होतं.

दुसरी फेरी मग. हीच. तीन चाकं झाली. आणि पेडल पुन्हा कडक व्हायला लागलं आहे, ती प्रत्येक दाबाला जाणते, सकाळसारखंच, हुबेहूब. कडक झाल्याचं तिला भय वाटतं. भुसभुशीत असतं तर त्याला दिसलं असतं. हे कडकपण गल्लीपुरतं आहे. उभ्या गाडीतलं आहे. तिला हे कुठून कळतं? कुठून म्हणजे — ह्याच गल्लीत पाइप नालीवरून उंच उचलून नेलाय, त्या उंचवट्यात हवा अडकते, नळाला बारीक धार येत राहते, वाटतं सगळं ठीक, आणि मोटर लावली की ती दडलेली हवा एकदम ओढली जाते, मोटर कोरडी ओरडते, धार तुटते. पहिल्या वर्षी एक मोटर जळली तिची अशी. त्यानंतर ती पाइपाला हात लावून सांगू शकते आत पाणी आहे की वारा. धार बघून फसायचं नसतं. आत कुठे उंचवटा आहे ते बघायचं असतं.

तिने सांगितलं. नाही सांगितलं असं नको व्हायला.

"अहो. ऐका ना."

"काय?"

"सकाळी बी असंच कडक झालतं. तुमी जोरात मारलं, ते घरघरलं, आन् मग खाली गेलं. हवा त्या पंपातच बसलीय. पंप फिरल्याबिगर निघायची नाय ती. आपल्या नालीवरच्या पाइपासारखं."

पाना थांबला. एक क्षण तिला वाटलं, ऐकलं. खरंच ऐकलं.

"काका," खालून आवाज आला, "ऐकलं का? आमच्या हिला गाडीत बी नळच दिसायला."

"पाण्याचं लई घेतलंय डोक्यात तिनं," काकासाहेब म्हणाले. "आमच्याकडं बी तेच. झोपेत सुदिक ड्रम म्हणते."

"मी चेष्टा नाय करत. मोतीराम बी हेच—"

नाव बाहेर पडलं आणि तिला कळलं. हसणं तुटलं. अंगद चाकाजवळून उठून उभा राहिला, खिडकीत त्याचा चेहरा, कपाळावर तेलाचा पट्टा.

"मोत्याचं नाव काढायचं नाय. कळलं? इतकी वर्षं ब्रेक बनवतो मी. ब्रेक. भाकरी नाय."

तिच्या दाताशी एक शब्द आला होता. छोटा, दोन अक्षरी, मोतीरामचा. तो बोलली असती तर अंगद तिथेच, खिडकीत, काकासाहेबांसमोर, लहान झाला असता. तिने मूठ आवळली. का आवळली? कीव? का इतक्या वर्षांची सवय, की ह्याला लागेल असं बोलायचं नाही, स्वतःला लागलं तर चालेल... तिला नक्की सांगता आलं नसतं. तो म्हणाला,

"तू फक्त पाय दे."

आणि खाली बसला.

बाबा, तिचे वडील, मुंजाबा, पिशोरचे, मेंढरं घेऊन तो घाट उतरायचे. दिवाळी झाली की खानदेशात, रानं मोकळी व्हायची तेव्हा. ती लहान होती, घोड्यावर, भांड्यांच्या आणि कोकरांच्या मध्ये. सपाटीला बाबा कळपाच्या मागे चालत. चढाला मागे. पण घाटाच्या तोंडाशी आले की ते सगळा कळप ओलांडून पुढे जात, काठी दोन्ही हातांनी आडवी धरत, आणि अंग मागे टाकून, टाचा रोवत उतरत. मागून मेंढरांचा लोंढा रेटा द्यायचा, त्यांच्या पोटऱ्यांवर शिंगं आपटायची, आणि बाबा मागे न बघता घशातून एक जाड आवाज काढत राहायचे. उतारावर पुढं ऱ्हायचं, ते म्हणत, मागून कुणी थांबवत नसतं. तिथे ब्रेक म्हणजे माणूस होता. उद्या ज्ञानू पुढच्या सीटवर बसेल, हट्टाने, आणि तिच्या पुढे कुणीच नसेल, काच असेल. पहिल्या वळणावर ट्रक येईल, अंगद जोरात मारेल, घरघर होईल, गाडी थांबेल, तो म्हणेल, बघितलं? आणि दुसरं वळण असेल.

दुसरं वळण.

तिच्या डोक्यात दुसऱ्या वळणाच्या पुढे काही नव्हतं. पांढरं. उन्हासारखं.

"शेवटचं चाक," अंगद म्हणाला. ड्रायव्हरच्या बाजूचं, पुढचं. म्हणजे तो आता अगदी तिच्या पायाजवळ, मध्ये फक्त एक पत्रा. निपलला लावलेली सलाईनची नळी उन्हाने तडकली होती. "राहू दे नळी, पातेल्यात डायरेक्ट घेतो. तू नीट धर बरं का. मधी सोडलं तर हवा घेईल. दाब."

दाबलं.

"धर."

दूध तापवायचं पातेलं. ते काल रात्री त्याने न विचारता उचललं होतं, आणि ती बोलली नव्हती. बोलायच्या गोष्टींची रांग इतकी लांब होती की पातेलं कुठे मध्ये घालणार. गाडी शिकायची म्हणाले होते तेव्हा, ह्या रस्त्यांवर? म्हणाला होता. ज्ञानूला पाठवू नका म्हणाले तेव्हा, तुला काय कळतं पाण्याचं, असंही म्हणाला होता, मला, पाण्याचं! रागाने तिच्या मांडीचा स्नायू थरथरत होता आणि थरथर पेडलमध्ये उतरत होती. पाय दे, म्हणतो. दिलाय की. दिवसभर दिलाय. तुझ्या सगळ्या ब्रेकची सगळी ताकद आत्ता ह्या चपलेखाली आहे, आणि तुला ते माहीत आहे, म्हणून तर तू दर वेळी विचारतोस...

"धरलं का?"

"धरलं."

पाना फिरला. पेडल खोल गेलं. पातेल्यात धार वाजली.

ती पाय उचलते.

ठरवून नाही. ठरवून, असं नंतर म्हणता येईल इतकं सावकाश नाही, आणि चुकून असं म्हणता येईल इतकं पटकनही नाही. पाय वर आला, आणि निपलच्या उघड्या तोंडातून एक बारीक सुस्कारा आत गेला, फक्त तिलाच ऐकू आलेला, तळव्याला ऐकू आलेला. हवा. हवा आत जाते आहे. जाऊ दे. ज्ञानूच्या वाट्याची सगळी हवा आत जाऊ दे.

"धरलंय ना?"

"धरलंय."

पाय सीटच्या खाली, मोकळा. पाना उलटा फिरला, निपल बंद झालं.

"शाब्बास," अंगद म्हणाला. खूप वर्षांनी म्हणाला. "झालं. आण ती टोपी."

तिने दिली. त्याने ती बसवली, अंगठ्याने दाबून पाहिली, चाक लावलं, जॅक काढला, हात पुसत आला, दार उघडलं. ती उतरली. पाय बधिर, जमीन तापलेली. तो तिच्या घामाने ओल्या झालेल्या सीटवर बसला, आणि त्याने पेडल दाबलं.

ते खाली गेलं. काही न बोलता, थेट, तळाशी.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा. काकासाहेबांनी पेपर खाली घेतला.

"काय झालं ओ?"

अंगद पेडलकडे बघत होता, आणि मग हळूहळू, जसं कळायला लागतं तसं, तिच्याकडे. कपाळावरचा तेलाचा पट्टा सुकला होता. क्षणभर तो तिला ज्ञानूसारखा दिसला, खेळणं मोडल्यावर दिसते तसा, आणि तिने ते दिसणं बाजूला सारलं, आज नाही.

"मधी सोडलंस तू?"

व्हय. नाय. दोन्ही शब्द तिच्या तोंडात होते, सारख्याच वजनाचे, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला जाणवलं की त्यातला कुठलाही उचलायला तिला भीती वाटत नाही. तिला माहीत होतं की ह्याने काही संपत नाही. हवा पुन्हा काढता येते, संध्याकाळी, तिसऱ्यांदा. पेडल पुन्हा कडक होईल. घाट तिथेच आहे. पण त्याला पाय लागेल. पंप, पाना, जॅक सगळं त्याच्याकडे आहे, आणि एक पाय लागेल. राग होता, तेवढाच होता, फक्त आता तो दाताशी नव्हता, मांडीत नव्हता. राग पुढे जाऊन उभा राहिला होता, बाबांसारखा, अंग मागे टाकून.

"मी काय इचारतो? सोडलंस का?"

तिने तेलकट डावा तळहात कपड्याला पुसला.

"बस परत," तो म्हणाला. आवाज मोठा होता पण त्याच्या शेवटी काहीतरी खाली गेलं. "बस. परत काढावी लागंल."

ती बसली नाही.

गाडी अक्षदाच्या नावावर आहे.